सॉफ्टवेअरची तारीख पुन्हा पुढे गेली, आता एएमसी (वार्षिक देखभालीची फी) भरायची का?

म्हादईकाठ (सत्तरी)

नमस्कार. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका लहान शेतकी सेवा सोसायटीची मी सचिव आहे. खत, बियाणं, किराणा असं थोडं थोडं सगळंच आमच्याकडे मिळतं, पण सोसायटी उभी आहे ती काजूवर आणि त्याखालोखाल सुपारीवर. फेब्रुवारी सरता सरता काजू बी यायला लागते ती मे अखेरपर्यंत. वर्षाचा निम्म्याहून जास्त व्यवहार या काळात होतो.

काम कसं चालतं ते आधी सांगते, म्हणजे तारखेचं महत्त्व लक्षात येईल. सकाळी गोदामाचं दार उघडलं की पिकअप, रिक्षा, स्कूटरवर पायांपाशी उभं केलेलं पोतं अशी रांग लागते. आमचा गोदामवाला पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठभर बी वर काढतो आणि खुळखुळवतो. ओली असली तर आवाज बसका येतो. मग काटा. काट्यावरचा आकडा तो मोठ्याने सांगतो आणि मी नाहीतर आमची कारकून पावती बुकात कार्बन घालून लिहिते: त्या दिवसाचा दर, वजन, बारदानाची वजावट, रक्कम. संध्याकाळी त्या सगळ्या पावत्या संगणकावर चढवायच्या.

घोळ होतो तो इथे. आमच्या पंचक्रोशीत नाव तेच, आडनाव तेच आणि बापाचं नावही तेच, असे बागायतदार आहेत. पावती एकाची, जमा दुसऱ्याच्या खात्यावर. सरकारी आधारभूत किंमत आणि विक्रीचा दर यांतला फरक मिळवायला बागायतदाराला विक्रीच्या पावत्या कृषी कार्यालयात द्याव्या लागतात. तिथे नाव किंवा वजन जुळलं नाही तर अर्ज परत येतो, आणि तो माणूस दिवसाची मजुरी मोडून माझ्या टेबलासमोर उभा राहतो.

आमचं सॉफ्टवेअर जुनं आहे. कंपनी गोव्याबाहेरची, नाव लिहीत नाही. त्यांच्या विक्री प्रतिनिधीने आमच्या संचालक मंडळासमोर पडद्यावर नवी आवृत्ती दाखवली: काट्यावरचं वजन थेट पावतीवर, पावती बागायतदाराला कृषी खात्याने दिलेल्या कृषी कार्डाच्या नंबरावर, पैसे त्याच संध्याकाळी बँक खात्यात. दिवाळीनंतर मिळेल म्हणाला. आम्ही निम्मी रक्कम आगाऊ दिली. सर्वसाधारण सभेत मी उभी राहून सभासदांना सांगितलं की येत्या काजूपासून पैशांसाठी कोणाला खेपा घालाव्या लागणार नाहीत.

दिवाळी गेली, मग संक्रांत सांगितली. मग शिगम्याआधी नक्की. मग पाडवा. पाडवा आला तेव्हा हंगाम भरात होता, मी कार्बन घालून पावत्या फाडत होते आणि कंपनीकडून साधा फोनही नव्हता. एका आजोबांनी विचारलं, "तुवेंच सांगिल्लें मगो सभेंत?" कंपनी त्यांना ठाऊकच नाही. त्यांना शब्द दिला होता तो मी.

एप्रिलमध्ये प्रिंटर बघायला कंपनीचाच एक तंत्रज्ञ आला. चांगला, कष्टाळू मुलगा. बोलता बोलता सांगून गेला की काट्याच्या मोड्यूलवर जानेवारीपर्यंत माणूसच बसवला नव्हता. म्हणजे संक्रांतीची तारीख आम्हाला दिली तेव्हा कामाला हातही लागला नव्हता, आणि फोनवर मात्र "टेस्टिंग चालू आहे" असं सांगत होते.

उशीर मी समजू शकते. आमच्याकडेही पाऊस लांबतो, बँकेचं सर्व्हर बंद पडतं, ट्रक येत नाही. पण त्यांना कधी कळलं आणि आम्हाला कधी कळवलं, यात जे महिने गेले ते मला सहन होत नाहीत. डिसेंबरात खरं सांगितलं असतं तर हंगामापुरती एक मुलगी कामाला घेतली असती, कार्ड नंबरांची यादी करून गोदामाच्या भिंतीला लावली असती, सभासदांना वेळेत सांगितलं असतं. ते सगळं करण्याची संधी आमच्याकडून गेली.

आता एएमसीचं बिल आलंय. सोबत पत्र: नवी आवृत्ती गणेश चतुर्थीपर्यंत, म्हणजे सुपारीच्या आधी. चेअरमन म्हणतात करार मोडा. दोन संचालक म्हणतात सगळा हिशेब त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये अडकलाय, जाणार कुठे? तुमच्यापैकी ज्यांना असा अनुभव आहे त्यांनी सांगा, कंपनीने दिलेली तारीख खरी की नुसती तोंडाची हे तुम्ही कशावरून ओळखता? आणि एएमसी भरावी का?

---

फोंड्याचा लेखापाल

ताई, करार मोडा अथवा ठेवा, त्याआधी तुमचा सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढून घ्या. सभासदांची खाती, शिल्लक, मागच्या वर्षांच्या पावत्या, सगळं. कंपनी "बॅकअप आहे" म्हणेल. त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा बॅकअप तुमच्या या कामाचा नाही. दुसऱ्या कोणालाही वाचता येईल अशी फाइल हवी. ती हातात आली की तुमच्या संचालकांची निम्मी भीती जाईल आणि कंपनीशी बोलताना तुमचा आवाजही बदलेल.

दुसरं, एएमसी आणि नवी आवृत्ती यांची गाठ सोडवा. एएमसी ही आज चालू असलेल्या सॉफ्टवेअरच्या देखभालीची फी. ते चालतंय, त्याला आधार लागतो, तर ती वेगळी भरा, शक्यतो तिमाही. नव्या आवृत्तीचे उरलेले पैसे आवृत्ती तुमच्या गोदामात चालल्यावरच.

तारखेवरच्या विश्वासाबद्दल एक बघितलेलं सांगतो. मी बार्देश-तिसवाडीतल्या काही लहान हॉटेलांचे हिशेब पाहतो. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेने दर बदलले आणि २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, ते लागू झाले. रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर १२ टक्के होते ते ५ टक्के झाले, पण त्यासोबत इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, गेलं. त्यामुळे नुसता बिलावरचा आकडा बदलून भागणार नव्हतं, खरेदीच्या बाजूचा हिशेबही फिरवायचा होता. शिवाय आगाऊ घेतलेल्या बुकिंगांचा प्रश्न वेगळाच. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या हातात तीन आठवडेही नव्हते, आणि ही तारीख सरकारची, पुढे ढकलता येणारी नव्हे.

माझ्या क्लायंटांकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं होती. पहिलीने आठवड्याभरातच एक पानाचं पत्र पाठवलं: बिलाचा दर २२ च्या पहाटे बदललेला असेल, क्रेडिटचा भाग तेव्हा तयार नसेल, तोपर्यंत खरेदीची नोंद हाताने अशी अशी करा. दुसरी २१ च्या संध्याकाळपर्यंत "सगळं तयार आहे" म्हणत राहिली. २२ ला सकाळी चेकआउट करणाऱ्या पाहुण्यांना जुन्या दराची बिलं गेली, मग क्रेडिट नोटा, मग पाहुण्यांचे फोन. गंमत म्हणून सांगत नाही, नीट लक्षात घ्या: दोघींचंही पूर्ण काम झालं ते ऑक्टोबरातच. पहिलीचे ग्राहक आजही तिच्याकडे आहेत. दुसरीचे मीच हलवून दिले.

---

पर्वरीतला प्रोग्रॅमर

मी पलीकडच्या बाजूला काम करतो. पर्वरीच्या एका लहान कंपनीत बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर लिहितो. तुमची कंपनी आमची नव्हे, आम्ही सोसायट्यांचं काम करत नाही. पण तुम्ही लिहिलेलं वाचून आतून काय झालं असेल ते मला दिसतं, म्हणून सविस्तर लिहितो.

तारीख बहुतेक वेळा डेमोच्या खोलीत जन्माला येते. समोरचा सांगतो हंगाम फेब्रुवारीत, विक्रीवाला म्हणतो मग दिवाळीनंतर लगेच देतो. ज्यांनी ते बनवायचं त्यांना अजून कोणी विचारलेलंही नसतं. पुढे काम अडलं की खालचा माणूस वरच्याला सांगतो "जरा अवघड आहे", वरचा त्याच्या वरच्याला सांगतो "थोडं राहिलंय", आणि तुमच्यापर्यंत पोचतं तेव्हा त्याचं "टेस्टिंग चालू आहे" झालेलं असतं. वाटेत प्रत्येकाने वाईट बातमी थोडी सौम्य केलेली असते. म्हणून यापुढे "टेस्टिंग चालू आहे" ऐकलंत की लगेच विचारा: टेस्टिंग कोण करतंय, कोणाच्या डेटावर, आणि या आठवड्यात काय चुकीचं सापडलं? खरोखर टेस्टिंग चालू असेल तर तिसऱ्या प्रश्नाला भरपूर उत्तरं येतात. काहीच सापडलं नाही म्हणाले तर टेस्टिंग चालू नाही.

आता तुमच्या कामात वेळ कुठे जाणार ते. पहिला काटा. वजनकाटा संगणकाला जोडतात तो बहुधा मागच्या आरएस-२३२ या जुन्या पद्धतीच्या सिरियल पोर्टमधून. प्रत्येक बनावटीचा काटा वजन आपापल्या साच्यात पाठवतो. कोणी आकड्याआधी चिन्ह लावतो, कोणी मागे केजी जोडतो, कोणी सेकंदाला अनेकदा एकसारखा आकडे फेकत राहतो, कोणी मागितल्याशिवाय बोलतच नाही. त्यात वजन स्थिर झालं की नाही ते ओळखावं लागतं, नाहीतर पोतं अजून डोलत असतानाचाच आकडा पावतीवर छापला जातो. हे काम पुण्या-मुंबईच्या ऑफिसात बसून पुरं होत नाही. तुमच्याच काट्यासमोर, तुमच्याच पोत्यांवर करावं लागतं. त्यांच्यातला कोणी तिथे येऊन बसला आहे का? नसेल, तर चतुर्थी या शब्दाला अजून आधार नाही.

दुसरी अडचण नावांची, आणि ही मराठीत काम करणाऱ्या सगळ्यांनाच छळते. तुमचं सॉफ्टवेअर जुनं म्हणता, म्हणजे नावं बहुतेक जुन्या फॉन्टच्या पद्धतीने साठवलेली असतील, युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीत नसतील. त्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवतात आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये हे दोन्ही उलट. रूपांतर करताना नियम थोडा जरी हुकला तरी वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते आणि रफार भलतीकडेच बसतो. जोडाक्षरं वेगळी फुटतात. हजारो नावांत ते शोधायचं म्हणजे डोळ्यांनी वाचण्यावाचून गत्यंतर नाही. डेमोमध्ये हे कधीच दिसत नाही, कारण डेमोतली दहा नावं त्यांनी नव्याने टाइप केलेली असतात.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. मायक्रोसॉफ्टचं विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आलं. त्यापुढची आवृत्ती, जिला आत लाँगहॉर्न म्हणत, सुरुवातीला २००३ च्या सुमारास अपेक्षित होती. ऑगस्ट २००४ मध्ये त्यांनी विनएफएस नावाची नवी साठवण पद्धत त्यातून काढल्याचं जाहीर केलं आणि काम मोठ्या प्रमाणात नव्या पायावर पुन्हा सुरू केलं. सर्वसामान्य ग्राहकांना व्हिस्टा म्हणून ती मिळाली ३० जानेवारी २००७ ला. मधल्या काळात ज्या कंपन्यांनी सॉफ्टवेअर अश्युरन्स या योजनेत, नवी आवृत्ती मुदतीत मिळेल या हिशेबाने आगाऊ पैसे भरले होते, त्यांतल्या अनेकांची मुदत आवृत्ती न येताच संपली. तुमची एएमसी आणि "नवी आवृत्ती त्यातच" हा त्याच जातीचा व्यवहार आहे, म्हणून वरच्या लेखापालांनी गाठ सोडवायला सांगितलं ते अगदी बरोबर.

माझा सल्ला: त्यांच्याकडे चतुर्थीची तारीख मागू नका. महिन्याभरात एकच गोष्ट मागा. तुमच्या काट्यावरून, तुमच्या एका खऱ्या बागायतदाराचं वजन, त्याच्या कार्ड नंबरासकट, तुमच्या प्रिंटरवर. रिपोर्ट नको, बँक नको, रंगीत पडदे नकोत. ते झालं तर पुढचं बोलणं खऱ्या जमिनीवर होईल.

---

मडगावहून एक वकील

करार वाचल्याशिवाय ठाम काही सांगणं योग्य नाही, पण एका कलमाकडे लक्ष वेधतो, कारण त्यात अनेक सोसायट्या अडकतात. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ५५. मुदत हा कराराचा गाभा असेल आणि समोरच्याने ती पाळली नाही, तर करार रद्द करण्याचा पर्याय तुम्हाला मिळतो. पण मुदत उलटल्यावर तुम्ही उशिराचं काम स्वीकारलंत, तर त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. अपवाद एकच, स्वीकारतानाच तशी नोटीस दिली असेल तर.

तुम्ही दिवाळी, संक्रांत, शिगमो, पाडवा असं प्रत्येक वेळी फोनवर "बरं" म्हणत आला असाल, तर उद्या ते म्हणू शकतात की मुदत तुम्हीच वाढवून दिली. म्हणून आता जी काही तारीख घ्याल ती लेखी घ्या, आणि त्याच पत्रात लिहा की आधीच्या उशिराबद्दलचे आमचे हक्क आम्ही सोडलेले नाहीत. हंगामाचं कारणही लिहा. काजूच्या आधी मिळालेलं आणि काजूनंतर मिळालेलं सॉफ्टवेअर ही तुमच्यासाठी एकच वस्तू नाही, हे कागदावर दिसलं पाहिजे.

नव्या करारात उशिरापोटी ठरावीक रक्कम घालता येते. मात्र कलम ७४ प्रमाणे ती रक्कम ही वरची मर्यादा ठरते, न्यायालय तिच्या आत वाजवी वाटेल तेवढी देतं. ग्राहक मंचाचं म्हणाल तर २०१९ च्या कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा सहसा बाहेर राहते. स्वतःच्या चरितार्थासाठी स्वयंरोजगार करणाऱ्यांना सवलत आहे, पण सोसायटीच्या बाबतीत त्यावरच वाद सुरू होईल. त्या वाटेवर विसंबू नका.

---

सांखळीचा दुकानदार

माझं बांधकाम साहित्याचं दुकान आहे, ठेकेदारांशी रोजची गाठ. सगळे कंपनीला बोलतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. खरी तारीख सांगणारा धंद्यात हरतो. दोन कंपन्या कोटेशन घेऊन आल्या, एक म्हणाली पुढच्या वर्षीच्या काजूला देऊ, दुसरी म्हणाली दिवाळीला देऊ, तर कुठलं संचालक मंडळ पहिलीला निवडेल? माझ्याकडेही तसंच. सिमेंट उद्या येईल म्हणणाऱ्याकडे गिऱ्हाईक जातं, परवा म्हणणाऱ्याकडे नाही. ही सवय आपण सगळ्यांनी मिळून लावली आहे.

आणि म्हादईकाठ बाय, राग मानू नका, काम सुरू झाल्यावर तुमच्याकडून किती बदल सांगितले गेले तेही बघा. वजावटीचा नियम बदलला, पावतीवर आणखी एक रकाना हवा, असं होतंच.

---

म्हादईकाठ (सत्तरी)

दादा, राग कसला. बदल आम्ही दोनच सांगितले, दोन्ही लेखी आणि दोन्ही गणपतीच्या आधी, ऑर्डर देतानाच: बारदानाची वजावट पोत्यागणिक हवी आणि पावतीवर कृषी कार्डाचा नंबर ठळक हवा. पण कोटेशनबद्दल तुम्ही म्हणता ते मनाला लागलं. पुढच्या वेळी मंडळासमोर तक्ता ठेवीन तेव्हा तारखेच्या रकान्याशेजारी "आधीच्या ग्राहकाला ठरल्या दिवशी दिलं का" असा रकाना ठेवणार आहे, आणि त्या ग्राहकाला फोन मी स्वतः करणार.

वकीलसाहेब, कलम ५५ चं माहीत नव्हतं. पत्राचा मसुदा आजच करते.

---

म्हापशाची बाई

मी संगणक शिकवते, धंद्यातलं मला कळत नाही. पण तारीख पाळण्याची एक वेगळी रीत मुलांना मी नेहमी दाखवते, ती इथे उपयोगी पडेल. उबंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम ऑक्टोबर २००४ पासून वर्षातून दोनदा येते, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. तारीख आधी पक्की असते, आणि जे तोवर तयार होत नाही ते पुढच्या खेपेला जातं. म्हणजे हलते ती कामांची यादी, तारीख जागची हलत नाही. आवृत्तीचा नंबरही वर्ष आणि महिन्यावरून.

एकदा त्यांनीही तारीख हलवली. २००६ ची एप्रिलची आवृत्ती त्यांना अनेक वर्षं सांभाळायची होती, म्हणून ती अधिक तपासायला वेळ हवा होता. तर त्यांनी मार्चमध्येच, मुदत यायच्या आधी, सगळ्यांसमोर कारण सांगून सहा आठवडे मागितले, आणि १ जून २००६ ला ती दिली. म्हणून तिचा नंबर ६.०४ नसून ६.०६ आहे. उशीर नावातच नोंदलेला आहे आणि त्यावरून लोकांनी त्यांना सोडलं नाही.

ताई, तुमच्या कंपनीकडून सॉफ्टवेअरच्या तारखेइतकीच कळवण्याची तारीखही घ्या. दर महिन्याच्या १ तारखेला पत्र आलंच पाहिजे: काय झालं, काय नाही, काय होणार नाही. ही तारीख चुकायला त्यांना कुठलंच तांत्रिक कारण मिळणार नाही.

---

म्हादईकाठ (सत्तरी)

जुलै. पाऊस धो धो आहे, गोदाम रिकामं आहे, म्हणून काय झालं ते लिहायला वेळ मिळाला. तुम्ही सगळ्यांनी आपुलकीने लिहिलंत म्हणून कळवणं माझं कर्तव्य आहे.

वकीलसाहेबांनी सांगितलं तसं पत्र दिलं. डेटा एक्सेलमध्ये मागितला. आधी टाळाटाळ झाली, मग दिला. फाइल संचालकांना दाखवली तेव्हा सभेतलं बोलणं खरंच बदललं, "जाणार कुठे" हा प्रश्नच कोणी काढला नाही. एएमसी एका तिमाहीचीच भरली. कंपनीने करारात लिहून दिलं की दर महिन्याच्या १ तारखेला पत्र येईल, आणि कुठलीही तारीख हलणार असं त्यांना कळलं की आठ दिवसांत आम्हाला लेखी कळवतील. हे दुसरं वाक्य माझ्या हट्टाने घातलं. त्यांचे साहेब म्हणाले, इतकं कोणी लिहून घेत नाही. मी म्हटलं, आम्हाला याच्याशिवाय दुसरं काही नको आहे.

मग तो एप्रिलमधला तंत्रज्ञच पाठवला. गोदामात काजू नव्हते म्हणून आम्ही खताची पोती काट्यावर चढवली. पहिल्या दिवशी अगदी तुम्ही लिहिलं तसंच, पोतं डुलत असताना ४७ छापलं, स्थिर झाल्यावर काट्यावर होते ५० आणि काही ग्रॅम. तो लॅपटॉप मांडीवर घेऊन काट्यासमोर बसून राहिला. आमच्या गोदामवाल्याने त्याला दाखवलं की काट्यावर पोतं टाकल्यावर तो स्वतः हात काढून किती वेळ थांबतो. तेवढा वेळ त्याने प्रोग्रॅममध्ये घातला. दुसऱ्या दिवशी दुपारपासून प्रत्येक पावती बरोबर आली. मी पहिली पावती फाडून फाइलला लावून ठेवली आहे.

१ जुलैचं पत्र वेळेवर आलं. त्यात लिहिलंय की काजूचं काम पूर्ण होत आलंय, पण सुपारीची प्रतवारी चतुर्थीपर्यंत होणार नाही, दिवाळीनंतर होईल, आणि तेही नावांचं रूपांतर सुटलं तर. चेअरमन पत्र वाचून चिडले, पुन्हा तेच रडगाणं म्हणाले. मी त्यांना म्हटलं, साहेब, हे आपल्याला जुलैत कळलंय. त्याच दिवशी नोटीस बोर्डावर लिहून लावलं की यंदाची सुपारी पावती बुकावरच घेतली जाईल, आणि हंगामापुरती एक मुलगी ठेवण्याचा ठराव मंडळाने केला. मागच्या हंगामात जे करता आलं नाही ते यंदा वेळेत करता आलं.

पर्वरीचे दादा, एक विचारायचं राहिलं. रूपांतरात रफार असलेली आडनावं अजून बिघडतायत आणि "वि" ने सुरू होणारी नावंही. कंपनी म्हणते प्रोग्रॅमने शंभर टक्के होणार नाही. हे खरं आहे का?

---

पर्वरीतला प्रोग्रॅमर

खरं आहे, आणि त्यांनी ते कबूल केलं ही चांगली खूण आहे. प्रोग्रॅमने बहुतेक नावं सुधारतील, शेवटची राहतील ती माणसालाच बघावी लागतील. तुम्ही एक करा. रूपांतर झालेली सगळी नावं कृषी कार्ड नंबरासकट वाडीवार छापून घ्या. चतुर्थीत सगळी घरी असतात, त्याआधी प्रत्येक वाडीत एका जाणत्या सभासदाकडे यादी द्या आणि ज्याच्या त्याच्याकडून नाव तपासून समोर सही घ्या. तेच नाव, तेच बापाचं नाव असलेले जे आहेत त्यांच्यापुढे घराचं नाव किंवा कुळागराची (सुपारीच्या बागेची) खूण लिहून घ्या आणि कंपनीला तेवढा एक रकाना वाढवायला सांगा. हा बदल लहान आहे, पण आत्ताच सांगा, ऑक्टोबरात सांगू नका. आणि सांगाल ते लेखी.